नकार द्यायचा तर आपल्या नावाने द्या : बडोद्यातल्या सोसायटी कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
बडोद्यातील हाउसिंग सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी आणि कमिटीचे सभासद यांस,

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आषाढात माझ्या हातून एक गोष्ट घडली. आधी ती सांगते, मग विनंती करते.

मांजलपूरला आमचे एकाच मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट आहेत. समोरचा मुलासाठी घेतला होता. तो पुण्याला स्थायिक झाला आणि फ्लॅट रिकामा पडला. त्याच सुमारास यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज संध्याकाळी साडेसहाला घरी यायला लागली. भरूचकडची, वय अठ्ठावीसच्या आसपास. मला ‘मासी’ म्हणायची. यजमानांना दुखलं की ते चिडायचे, ओरडायचे. ही शांतपणे म्हणायची, ‘अजून पाच, काका, फक्त पाच.’ महिन्याभरात ते काठीशिवाय जिन्यापर्यंत गेले.

ती राहायची दोन बसगाड्या बदलून यावं लागेल अशा ठिकाणी, तिघींच्या खोलीत. एके दिवशी मीच म्हटलं, समोरचं घर रिकामं आहे, तूच का नाही घेत? तिने पाहिलं. भाडं ठरलं, टोकनचे पाच हजार तिने त्याच दिवशी दिले. दुसऱ्या दिवशी व्यायाम झाल्यावर पर्समधून टेप काढून तिने स्वयंपाकघराच्या खिडकीचं माप घेतलं. पडद्याचा दांडा कुठे बसवायचा ते ठरवून भिंतीवर पेन्सिलीने दोन बारीक फुल्या मारल्या आणि लगेच मला विचारलं, ‘चालेल ना मासी, भिंतीवर?’

भाडेकरूचा फॉर्म मी सोसायटीत दिला. आमच्या फॉर्मवर नाव, गाव, नोकरी, आधार क्रमांक आणि त्याखाली ‘ज्ञाती / धर्म’ असा रकाना आहे. वीस वर्षं त्या सोसायटीत राहून मी तो रकाना कधी वाचला नव्हता. वाचायची वेळच आली नव्हती, कारण तो माझ्यासाठी नव्हता.

संध्याकाळी कमिटीतले एक गृहस्थ घरी आले. माणूस चांगला. कोविडमध्ये रात्री अकरा वाजता यजमानांसाठी औषध घेऊन आला होता, ते मी जन्मभर विसरणार नाही. चहा घेतला आणि म्हणाले, ‘काकू, माझं काही नाही हो. पण लोक बोलतात. आपला धर्म सांभाळायचा तर एवढं पाहावंच लागतं.’

मी विचारलं, कोण लोक? त्यांनी खालच्या मजल्यावरचं एक घर सांगितलं. मी गेले. तिथली सून म्हणाली, ‘काकू, आमचं काही नाही, पण सासूबाई सोवळं पाळतात ना.’ सासूबाई आतून बाहेर आल्या. त्यांना या विषयाचा पत्ताच नव्हता. त्यांना मुलगी माहीत होती. त्या मला विचारत होत्या, ती खांद्याचंही बघते का गं, माझा हात वर जात नाही.

तिथून मी वर आले. आणि खरं सांगते, त्या वेळी मी भांडायला हवं होतं. मी भांडले नाही. यजमानांची तब्येत, शेजाऱ्यांशी रोजचा संबंध, कशाला वाकडं यायचं, असं सगळं मनात आलं आणि मी त्या मुलीला फोन लावला. म्हटलं, ‘बेटा, माझं काही नाही गं. पण सोसायटीवाले...’

माझंही तेच वाक्य, शब्दाला शब्द.

ती म्हणाली, ‘वांधो नथी, मासी.’ दुसऱ्या दिवशी साडेसहाला नेहमीसारखी आली. टोकनचं पाकीट मी दिलं, ते तिने न मोजता पर्समध्ये ठेवलं आणि यजमानांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली. ठरलेले अकरा दिवस उरले होते. अकराही दिवस आली.

तिला ज्या नकाराने परत पाठवलं तो नेमका कोणाचा होता, याचा शोध मी वर्षभर घेत आहे. कमिटीवाल्यांचा नाही, ते म्हणतात लोकांचा. लोकांचा नाही, सून म्हणते सासूचा. सासूचा नाही, तिला ठाऊकच नाही. घर माझं आहे, पण माझाही नाही म्हणे, मी म्हणते सोसायटीचा. म्हणजे एका माणसाचा राहण्याचा हक्क गेला आणि तो घेणारा हात कोणाचाच नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तो धर्माच्या नावावर टाकला आणि मोकळे झालो.

हे आपल्या गावात पहिल्यांदा घडलेलं नाही, म्हणून हे पत्र बडोद्याच्याच लोकांना लिहिते आहे.

सप्टेंबर १९१७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनहून परतून करारानुसार बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू व्हायला इथे आले. गावात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत उतरले. तिथे फक्त पारशांना राहता येई, म्हणून नोंदवहीत पारशी नाव लिहावं लागलं. भाडं रोजचं दीड रुपया. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत होते, तेवढ्यात डझनभर पारशी लाठ्या घेऊन जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत खोली सोडायला फर्मावलं. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. अठरा वर्षांनीही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येतं, असंही त्यात लिहिलं आहे.

लाठ्यांची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत असते. तिच्या पुढची सांगितली जात नाही. त्या दिवशी बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघेही शिकलेले, दोघेही स्नेही. हिंदू मित्राला फार वाईट वाटलं, पण तो म्हणाला, तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्र मूळचा ब्राह्मण. तो म्हणाला, बायको उद्या येईल, तिला विचारावं लागेल. आणि त्या बाई जुन्या वळणाच्या आहेत, हे बाबासाहेबांना नंतर कळलं. दोघांनीही ‘मी ठेवत नाही’ असं म्हटलं नाही. एकाने नोकरांवर ढकललं, एकाने बायकोवर. मग त्यांनी मुंबईची रात्रीची गाडी गाठायचं ठरवलं आणि गाडी सुटेपर्यंतचे पाच तास कामाठी बागेत बसून काढले. तीच आपली सयाजीबाग. दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथल्या संकल्पभूमीवर माणसं जमतात, मेणबत्त्या लावतात. आपल्यापैकी अनेकजण त्याच बागेत सकाळी चालायला जातात.

लाठीवाले निदान समोर तरी आले. ती सून, कमिटीतले ते गृहस्थ आणि मी स्वतः, आम्ही मात्र त्या दोन मित्रांच्या ओळीतले.

आणि हेही पाहा. ज्या महाराजांनी त्यांना शिकायला पाठवलं, ते काही लहानसहान राजे नव्हते. १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारे सयाजीराव. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क त्यांनी १९३१ साली कायद्याने दिला, म्हणजे देशात तो हक्क येण्याच्या चोवीस वर्षं आधी. जातपंचायतींच्या जुलमाविरुद्ध १९३३ साली कायदा केला. अस्पृश्यांच्या शाळा त्यांनी आपल्या राज्यात कितीतरी आधीच सुरू केल्या होत्या. एवढ्या राजाची सही खिशात असूनही बाबासाहेबांना खोली मिळाली नाही. हक्क दरबारातून निघतो, कचेरीपर्यंत येतो आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबतो. त्या पायरीवर तेव्हा धर्मशाळेचा रखवालदार होता. आज तिथे आपण आहोत, सोसायटीची कमिटी.

‘त्या काळची गोष्ट आणि आजची वेगळी,’ असं मला कमिटीतल्या एका सभासदांनी सांगितलं. तो अस्पृश्यतेचा प्रश्न होता, हा धर्माचा आहे, असं त्यांचं म्हणणं. वेगळी आहे, मान्य. पण माझ्या माहेरची एक गोष्ट सांगते, म्हणजे ती किती वेगळी आहे ते कळेल.

आमचं माहेर दांडिया बाजारातलं. पणजोबांच्याही आधीची पिढी गायकवाडांच्या फौजेबरोबर इकडे आली. म्हणजे बडोदं आमचंच, अशा थाटात आम्ही वाढलो. १९९८ साली माझ्या भावाला वाडा सोडून घर घ्यायचं होतं. तीन सोसायट्यांत एकच प्रश्न आला : ‘तमे मराठी? तमारामां तो चाले ने?’ चालतं म्हणजे मटण-मासे. चौथ्या ठिकाणी भावाने सांगितलं, आम्ही शाकाहारी आहोत. घर मिळालं. नंतर दोन वर्षं दर रविवारी तो बायकोमुलांना घेऊन माझ्याकडे जेवायला यायचा आणि निघताना पाच वर्षांच्या भाचीला घोकून घ्यायचा, ‘आत्याकडे काय खाल्लं? डाळ खाल्ली.’ ती पोर जिन्यातून उतरताना ‘डाळ, डाळ’ म्हणत जायची. तेव्हा आम्ही हसायचो. आता ते आठवलं की मला कामाठी बागेच्या आधीची ती नोंदवही दिसते, दुसऱ्याचं नाव लिहिलेली. आपल्याच गावात खोटं बोलून राहावं लागतं, तेव्हा घर मिळतं पण माणूस त्यात पाहुण्यासारखा राहतो.

जे मराठी सभासद आज कमिट्यांत बसले आहेत, त्यांतल्या कितीजणांच्या घरी अशी ‘डाळ’ शिजली आहे, हे त्यांनी एकदा मनाशी आठवावं.

आता धर्माबद्दल. मी धर्म मानणारी बाई आहे, हे आधी स्पष्ट करते, नाहीतर पत्र इथेच खाली ठेवलं जाईल. एकादशी करते, नवरात्रात घट बसवते, विठ्ठल मंदिरात आषाढीला पहाटे रांगेत उभी असते. हे सगळं करण्याचा मला हक्क आहे आणि तो कुणी हिरावून घ्यायला आला तर मी रस्त्यावर उतरेन. पण हा हक्क कुठे संपतो ते आपण पाहत नाही. माझं सोवळं माझ्या देवघरापुरतं आहे. समोरच्या बंद दाराआड कोण नमाज पढतं, कोण हनुमान चालिसा म्हणतं, कोण काहीच म्हणत नाही, याने माझ्या देवघरातल्या समईची वात हलत नाही. भाडेकरू कोण असावा याचं व्रत माझ्या धर्मात मला कुठे सापडलेलं नाही. सोवळं पाळणाऱ्या सासूबाईंनाही सापडलेलं नव्हतं.

आपल्या राज्यघटनेचं २५ वं कलम यासाठीच मला फार सुंदर वाटतं. धर्मस्वातंत्र्य देताना ते आधी अटी सांगतं : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातल्या इतर तरतुदी यांना अधीन राहून. आणि मग म्हणतं, सर्व व्यक्तींना समान हक्क. व्यक्तींना, इमारतींना नाही. २६ वं कलम धार्मिक संप्रदायांना आपला कारभार पाहण्याचा हक्क देतं, पण सोसायटी हा संप्रदाय नाही. तिच्याकडे पाण्याची टाकी आहे, लिफ्ट आहे, मेंटेनन्सचं खातं आहे. कॉमन प्लॉटवर आपण गणपती बसवतो, ती हौस आणि श्रद्धा आपली, प्लॉटची नव्हे.

ही घटना घडवणाऱ्यांतलं एक नाव बडोद्याचं आहे आणि ते आपण रोज वाचतो, कारण युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीवर ते लिहिलेलं आहे. हंसाबेन मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची मुलगी, बडोदा कॉलेजची विद्यार्थिनी. नागर ब्राह्मण घरात जन्मून त्यांनी जातीबाहेर डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं, तेव्हा ज्ञातीत मोठा गहजब झाला. धर्म आणि ज्ञात माणसाच्या दारात उभी राहते म्हणजे काय, हे त्या पुस्तकातून शिकलेल्या नव्हत्या.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत होता, त्यात पहिल्या कलमात इंग्रजीत सर्व ‘पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. हंसाबेननी हट्ट धरला की तिथे ‘मानव’ असाच शब्द हवा, नाहीतर कित्येक देश बायकांना बाहेर ठेवायला त्याच शब्दाचा आधार घेतील. शब्द बदलला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसला जाहीरनामा मंजूर झाला, बाजूने ४८ मतं, विरोधात एकही नाही, आठ देश तटस्थ. त्याच्या १८ व्या कलमात विचार, सद्सद्विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य आहे. २५ व्या कलमात माणसाला साजेशा जगण्यासाठी अन्न, वस्त्र यांच्याबरोबर घर आहे. आणि शेवटचं, ३० वं कलम म्हणतं की यातल्या कुठल्याही हक्काचा अर्थ दुसऱ्याचे हक्क नष्ट करण्याची मुभा असा लावता येणार नाही. म्हणजे १८ वं कलम हातात घेऊन २५ व्या कलमातलं घर काढून घेता येत नाही.

इथे संविधान सभेतही हंसाबेन आणि राजकुमारी अमृत कौर यांनी हीच काळजी बोलून दाखवली होती. धर्माचं ‘आचरण’ करण्याचा हक्क मोघम शब्दांत दिला, तर जुन्या अन्यायाच्या चालीरीतीही धर्म म्हणून सांभाळल्या जातील आणि सुधारणेचे कायदे अडतील, ही त्यांची भीती होती. म्हणून समाजसुधारणेचे कायदे करण्याची सरकारची वाट २५ व्या कलमात मोकळी ठेवली गेली. या दोघी धर्माच्या शत्रू नव्हत्या. धर्माच्या नावाखाली कोणाला दाराबाहेर उभं केलं जातं, ते त्या दाराबाहेरच्या बाजूने पाहत होत्या. पुढे १९४९ ते १९५८ हंसाबेन बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. ज्यांच्या मुली आज त्या लायब्ररीत अभ्यास करतात, अशा बापांनी आमच्या सभेत फॉर्मवरचा रकाना उचलून धरला.

कायद्याचं म्हणाल, तर तिथे फट आहे, हे मी लपवत नाही. घटनेचं १५ वं कलम दुकान, हॉटेल, विहीर, तलाव इथे धर्मावरून किंवा जातीवरून कुणाला अडवायचं नाही असं नागरिकांनाही बजावतं. त्या यादीत घर नाही. आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या बाबतीत, सभासद पारशीच असावेत हा तिचा पोटनियम ग्राह्य धरला. संस्था काढणाऱ्यांना आपल्यातल्यांपुरती संस्था काढण्याचं स्वातंत्र्य आहे, असा त्याचा आधार. आमच्या कमिटीतल्या निवृत्त वकीलसाहेबांनी हा निकाल माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, बरं. मग आपला पोटनियम दाखवा. संख्येने झपाट्याने कमी होत चाललेल्या छोट्या समाजाने उघडपणे, लिहून, नोंदणी करून केलेला नियम होता तो. आपल्या पोटनियमात असं एकही कलम नाही. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. आपण लिहिलेलं काही नाही, नुसता एक रकाना आहे आणि चहाच्या वेळी काढलेला विषय आहे.

काही ठिकाणी ‘अशांत धारा’ पुढे केला जातो. १९९१ चा हा कायदा दंगलीच्या भीतीने कुणी घर मातीमोल भावात विकू नये म्हणून केलेला आहे आणि तो जाहीर झालेल्या भागांपुरताच आहे. बडोद्यातल्याच एका दुकानाच्या विक्रीचं प्रकरण गुजरात हायकोर्टात गेलं, तेव्हा २०२० साली कोर्टाने सांगितलं की जिल्हाधिकाऱ्यांनी पाहायचं ते इतकंच : विक्री राजीखुशीने होते आहे ना आणि भाव वाजवी आहे ना. शेजाऱ्यांना कोण आवडतं, हे त्यात पाहायचं नाही. घाबरलेल्या विकणाऱ्याला वाचवणारा कायदा, राजी असलेल्या घेणाऱ्याला अडवायला वापरला जातो. २०२४ च्या जूनमध्ये तर हरणी भागात सरकारी आवास योजनेत रीतसर मिळालेल्या घरालाही शेजाऱ्यांनी विरोध केल्याची बातमी आपल्या शहरातून देशभर गेली. माझ्या बाबतीत मात्र अशांत धाऱ्याचं कारणही कुणी दिलं नाही.

राहिली भीती. ती मी उडवून लावणार नाही. १९८२ च्या कर्फ्यूत मी कॉलेजात होते आणि दूध आणायला खाली उतरलेला माझा काका तासभर परत आला नाही, तेव्हा आईने देव पाण्यात ठेवले होते. २००२ च्या मार्चमध्ये हनुमान टेकडीच्या बेकरीत चौदा माणसं मारली गेली, ती बातमी ऐकून आमच्या वाड्यात कुणी दोन दिवस नीट जेवलं नाही. त्याच दिवसांत उस्ताद फैयाज खाँसाहेबांच्या कबरीचीही नासधूस झाली. खाँसाहेब गायकवाडांच्या दरबारचे गायक. कृष्णाच्या बंदिशी गात गात या गावात म्हातारे झाले आणि १९५० साली इथेच गेले. ज्या मराठी घरांनी हिराबाई बडोदेकरांच्या रेकॉर्डी जिवापाड जपल्या, त्यांना मी आठवण देते की त्या अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांच्या लेक. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात होते, म्हणून ‘बडोदेकर’. आपल्या गावाचं नाव मराठी मुलखात ज्यांच्यामुळे कानाकानात गेलं, त्यांच्या आईवडिलांनी आज घर मागितलं असतं तर त्या रकान्यात काय लिहिलं असतं?

भीती खरी आहे, पण ती कशाने कमी होते ते पाहू या. भीतीमुळे आपण वेगळे राहू लागलो. वेगळे राहिलो म्हणून एकमेकांची तोंडं विसरलो. आमच्या सोसायटीतल्या बारा वर्षांच्या मुलांनी मुसलमान शेजारी कसा असतो ते पाहिलेलंच नाही, त्यांना जे माहीत आहे ते मोबाइलवर आलेलं. तांदळज्यातल्या, म्हणजे तिकडच्या मुसलमान वस्तीतल्या, मुलांचं आपल्याबद्दल तेच. त्या मुलीला यजमानांनी तीन महिने रोज पाहिलं. हेच यजमान पूर्वी कमिटीच्या बाजूने बोलले असते. फ्लॅट नाकारल्याचं कळलं त्या रात्री ते जेवणावरून उठून गेले.

वासाचं कारण सांगतात. आमच्या जिन्यात शुक्रवारी कोणाकडे सुकट भाजली जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते घर मराठी आहे. भाव पडतात म्हणतात. भाव पडतो तो आपणच एकमेकांना ‘इथे तसले राहतात’ असं सांगतो म्हणून.

आता विनंती.

भाडेकरूच्या आणि खरेदीच्या फॉर्मवरून ‘ज्ञाती / धर्म’ हा रकाना काढून टाका. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करायची असते ती जरूर करा. आधार घ्या, नोकरीचं पत्र घ्या, आधीच्या घरमालकाला फोन करा. मेंटेनन्स वेळेवर भरेल का, रात्री धिंगाणा घालेल का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आणि इतकं करूनही कुणाला घर नाकारायचंच असेल, तर ते लेखी द्या. ‘लोक’, ‘सोसायटी’, ‘सगळ्यांची भावना’ असं नको. अमुक सभासदाचा अमुक कारणाने विरोध आहे असं लिहा, खाली त्या सभासदाची सही असू दे आणि त्याची प्रत ज्याला घर नाकारलं त्याच्या हातात जाऊ दे. कारण ‘धर्म’ असेल तर तेही लिहा, आपल्या अक्षरात. मला खात्री आहे, खाली सही करायची म्हटल्यावर आमच्या चाळीस घरांतली बहुतेक माणसं पेन खाली ठेवतील. त्यांच्या मनात तेवढा द्वेष नाही. त्यांना फक्त कोणीतरी सांगितलं आहे की बाकीच्यांच्या मनात आहे.

हा ठराव मी आमच्या वार्षिक साधारण सभेसाठी या महिन्यात रीतसर अर्ज करून दिला आहे. तसाच तो आपापल्या सोसायटीत ठेवावा, म्हणून हे पत्र सर्वांसाठी उघडं ठेवते आहे. मराठी सभासदांनी त्याला अनुमोदन द्यावं, ही हात जोडून विनंती.

यजमानांच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. मी त्याच मुलीला फोन केला. येईल की नाही अशी धाकधूक होती. आली. समोरचा फ्लॅट अजून रिकामा आहे. दिवाळीत रंग काढला, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या त्या दोन फुल्या मी रंगाऱ्याला पुसू दिल्या नाहीत.

सभेनंतर तिच्या नावाचा फॉर्म मी पुन्हा भरणार आहे. ठराव मंजूर झाला नाही तर तो रकाना कोरा ठेवून भरणार आहे. यावर पुन्हा नकार आला, तर या वेळी तो तिला मी फोनवरून सांगणार नाही. ज्यांचा असेल त्यांनी माझ्या घरी येऊन तिला सांगावा. ती संध्याकाळी साडेसहाला येते.

आपली,
सी विंगमधली एक सभासद
मांजलपूर, बडोदे